रुपयाचा भाव कोण ठरवतो?

'स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता', हे विधान दरवर्षी ऑगस्ट महिन्याच्या सुमारास कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येते. त्याशेजारी डॉलरचा आजचा भाव मांडला जातो आणि देशाची पत किती घसरली, याचा निकालही त्याच बैठकीत लागतो. विधान सुटसुटीत आहे. परंतु ते खरे नाही.

१९४७ साली रुपयाचे नाते थेट डॉलरशी नव्हते, ते ब्रिटिश पौंडाशी होते. एका रुपयास एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे १८ पेन्स, हा दर ठरलेला होता. पौंडाचे पेन्स २४०. त्यामुळे एक पौंड घेण्यास १३ रुपये ५ आणे ४ पै, दशमान पद्धतीत १३ रुपये ३३ पैसे, पडत. त्याच पौंडाचे अमेरिकेत ४.०३ डॉलर येत. १३.३३ ला ४.०३ ने भागले की डॉलरचा तत्कालीन भाव निघतो : सुमारे ३ रुपये ३१ पैसे.

या लहानशा भागाकारात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. विनिमय दर हा आकडा एकटा पाहून काहीच कळत नाही. तो कोणत्या व्यवस्थेत ठरला, तो टिकवण्याचा खर्च कोणी सोसला आणि तो बदलला तेव्हा भुर्दंड कोणावर पडला, हे ठाऊक असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली. आज त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी 'आपण स्वतः' असे आहे. म्हणूनच हा विषय बँकेच्या सामान्य ग्राहकालाही समजणे आवश्यक आहे.

चांदीचा रुपया

एकोणिसाव्या शतकात रुपया हे चांदीचे नाणे होते. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा रुपया कंपनी सरकारच्या मुलखात सर्वत्र प्रमाण मानला गेला. इंग्लंडचे चलन सोन्याचे होते. साहजिकच रुपया आणि पौंड यांमधील दर म्हणजे चांदी आणि सोने यांच्या भावांतील प्रमाण होय. १८७१ च्या सुमारास एका रुपयाचे जवळजवळ दोन शिलिंग येत. त्यानंतर जर्मनीने चांदी सोडून सुवर्णचलन स्वीकारले, इतर देशांनीही तीच वाट धरली आणि अमेरिकेतील खाणींमधून चांदी मोठ्या प्रमाणावर बाहेर येऊ लागली. चांदीचा भाव कोसळला, त्यासरशी रुपयाही. १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तो पंधरा पेन्सच्या आसपास आला होता.

भारतात पिकणाऱ्या धान्यात किंवा विणल्या जाणाऱ्या कापडात असे काहीही घडले नव्हते, की ज्यामुळे रुपयाची किंमत एवढी उतरावी. तरीही झळ येथील करदात्याला बसली. इंग्लंडमध्ये द्यावयाची निवृत्तिवेतने, कर्जावरील आणि रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, तसेच भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च पौंडांतच चुकवावा लागे. 'होम चार्जेस' म्हणून ओळखला जाणारा हा खर्च रुपया घसरला की आपोआप फुगत असे. अखेर १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत खासगी चांदी आणून तिचे रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली. नाण्यांची टंचाई निर्माण होऊन रुपयाचा भाव वर चढला आणि १८९८-९९ च्या सुमारास तो १६ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर, स्थिरावला.

सोळा पेन्स की अठरा पेन्स?

पहिल्या महायुद्धात चांदी पुन्हा महागली आणि ही घडी विस्कटली. १९२० साली रुपया दोन शिलिंगांवर बांधण्याचा प्रयत्न झाला. तो अल्पावधीत फसला. पुढे हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १८ पेन्सची शिफारस केली आणि १९२७ च्या कायद्याने ती अमलात आली. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सचा आग्रह धरला. मुंबईच्या गिरणीमालकांचा आणि व्यापाऱ्यांचा मोठा वर्ग त्यांच्या बाजूने होता. दोन पेन्सचा हा फरक किरकोळ वाटेल. परंतु रुपया महाग ठेवला म्हणजे परदेशी कापड येथे स्वस्त होते आणि येथील कापूस व सूत परदेशात विकून हाती येणारे रुपये घटतात. दर ठरवणारी सत्ता कोणाचे हित आधी पाहते, हाच त्या वादाचा गाभा होता.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाची मुळापासून चिकित्सा केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचा प्रबंध 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. पौंडाशी असलेला दर स्थिर राखण्यापेक्षा रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राखणे अधिक महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी चलननिर्मितीवर बंधन हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विनिमय दराची मुळे घरातील किमतींत असतात, हे सूत्र पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सरकारने ठरवलेला दर

दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवस्थेत प्रत्येक सदस्य देशाने आपल्या चलनाचे मूल्य सोन्यात आणि डॉलरमध्ये जाहीर करावयाचे होते. भारताने जाहीर केलेले मूल्य जुन्या १८ पेन्सशी सुसंगत होते. ते फार काळ टिकले नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन करून तो ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. भारतानेही तेवढेच अवमूल्यन केले. पौंड १३.३३ रुपयांवर कायम राहिला. डॉलर मात्र ३.३१ वरून ४.७६ रुपयांवर गेला. पाकिस्तानने आपला रुपया जागचा हलवला नाही, त्यामुळे त्याचे शंभर रुपये आपल्या १४४ रुपयांच्या बरोबरीचे झाले. पूर्व बंगालच्या तागावर चालणाऱ्या कलकत्त्याच्या गिरण्यांची त्यामुळे कोंडी झाली. शेजारच्या देशाने दर न बदलणे हेसुद्धा आपल्या दरावर परिणाम करणारे कारण असते, ते असे.

४.७६ चा दर जवळजवळ सतरा वर्षे कागदावर अढळ राहिला. दर अढळ होता, परिस्थिती नव्हती. १९६२ आणि १९६५ ची युद्धे, १९६५ चा दुष्काळ, वाढती आयात आणि युद्धानंतर आटलेली परकीय मदत यांमुळे गंगाजळीवर ताण आला. परवाने, कोटा आणि निर्यात अनुदाने यांच्या टेकूवर तो भाव उभा होता. अखेर ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ७ रुपये ५० पैसे करण्यात आला. 'अवमूल्यन ३६.५ टक्के' आणि 'डॉलर ५७.५ टक्के महाग' हे दोन्ही आकडे त्या निर्णयाबाबत वाचावयास मिळतात आणि वाचक गोंधळतो. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधील किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली. तोच डॉलर विकत घेण्यास मात्र ५७.५ टक्के अधिक रुपये लागू लागले. कर्जफेड करणाऱ्यासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा असतो.

या अवमूल्यनाचा अपेक्षित लाभ लगेच पदरात पडला नाही. निर्यातीवरील अनुदाने त्याच वेळी काढून घेण्यात आली होती, काही मालावर निर्यातशुल्क बसले होते आणि पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षीही दगा दिला. दर बदलणे ही एक गोष्ट, विकण्याजोगा माल हाती असणे ही दुसरी.

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे बंद केले आणि जागतिक चलनव्यवस्थेचा खुंटा निखळला. डिसेंबर १९७१ मध्ये रुपया पुन्हा पौंडाशी जोडला गेला. पण जून १९७२ पासून पौंड स्वतःच तरंगू लागला आणि त्याच्या घसरणीबरोबर रुपयाही खाली ओढला जाऊ लागला. म्हणून सप्टेंबर १९७५ पासून एका चलनाऐवजी प्रमुख चलनांच्या समूहाशी रुपयाची सांगड घालण्यात आली. पुढील दीड दशकात तो हळूहळू उतरत गेला.

१९९१ ते १९९३ : किल्ली बाजाराच्या हाती

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल महागले, आखातातील भारतीयांना मायदेशी परतावे लागले आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या. १९९१ च्या मध्यावर परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस जेमतेम पुरेल एवढी उरली. त्या जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतील सुमारे ४७ टन सोने परदेशी पाठवून, ते तारण ठेवून, सुमारे ४० कोटी डॉलर उभे करावे लागले. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला.

त्यानंतरची पावले अधिक दूरगामी ठरली. मार्च १९९२ पासून निर्यातदाराने मिळवलेल्या परकीय चलनापैकी ४० टक्के अधिकृत दराने आणि ६० टक्के बाजारभावाने विकावे, अशी दुहेरी व्यवस्था आली. १ मार्च १९९३ रोजी दोन्ही दर एक करण्यात आले. रुपयाचा भाव त्या दिवसापासून बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरू लागला. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावरील व्यवहारांपुरती रुपयाची परिवर्तनीयता भारताने स्वीकारली.

शाखांतील ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्या काळातील आणखी एक बदल स्मरत असेल. ऑगस्ट १९९३ पर्यंत बँका 'शंभर रुपयांना इतके डॉलर' अशा पद्धतीने दर सांगत. त्यानंतर 'एका डॉलरला इतके रुपये' ही थेट पद्धत रूढ झाली. ग्राहकाला सरळ समजेल असा दरफलक तेव्हापासून आला.

आज भाव कशाने हलतो?

कोणत्याही बाजारात असते तेच येथेही आहे. डॉलर हवे असणारे अधिक, तर डॉलर महाग. डॉलर देऊ करणारे अधिक, तर स्वस्त. ही मागणी आणि हा पुरवठा पुढील कारणांनी बदलतात.

पहिले कारण व्यापाराचे. आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल आपण आयात करतो आणि त्याची किंमत मुख्यत्वे डॉलरमध्ये मोजतो. तेल महागले की तेल कंपन्यांची डॉलरची मागणी वाढते. सोन्याची हौसही याच खात्यात मोडते. दुसऱ्या पारड्यात वस्तूंची निर्यात, संगणक सेवांची निर्यात आणि परदेशस्थ भारतीय घरी पाठवत असलेला पैसा आहे. जगात अशा रकमा सर्वाधिक भारतात येतात. २०२२ साली त्यांनी दहा हजार कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. आखातातून रत्नागिरीच्या वा केरळच्या एखाद्या घरी येणारी दरमहाची रक्कम रुपयाला असा हातभार लावत असते.

दुसरे कारण भांडवलाच्या ये-जा करण्याचे. परदेशी गुंतवणूकदार भारतीय समभाग व रोखे घेतात तेव्हा डॉलर येतात, विकून निघतात तेव्हा डॉलर जातात. २००७ च्या अखेरीस असा ओघ एवढा होता, की डॉलर ४० रुपयांखाली उतरला. २००८ च्या जागतिक अरिष्टात पैसा माघारी गेला आणि मार्च २००९ पर्यंत तो पन्नाशी ओलांडून गेला होता. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपली रोखेखरेदी आवरती घेण्याचे नुसते संकेत दिले, तेवढ्याने २८ ऑगस्ट २०१३ रोजी डॉलर ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. त्याआधीच्या आर्थिक वर्षात आपली चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के होती, म्हणून त्या वाऱ्याचा तडाखा आपल्याला अधिक जोरात बसला. काही आठवड्यांतच दर बासष्टच्या आसपास परतला. घबराटीचा भाव आणि टिकणारा भाव यांतील अंतर त्या वर्षाने दाखवून दिले.

तिसरे कारण व्याजदरांचे. अमेरिकेत व्याज वाढले की डॉलरमधील गुंतवणूक आकर्षक ठरते. २०२२ मध्ये तेथील व्याजदर वेगाने चढले, युक्रेन युद्धामुळे तेलही महागले आणि त्या ऑक्टोबरमध्ये डॉलरने प्रथमच ८३ रुपयांची पातळी ओलांडली. डिसेंबर २०२४ मध्ये ८५ ची पायरीही मागे पडली.

चौथे कारण महागाईतील तफावतीचे. दीर्घ पल्ल्यात ते बहुधा सर्वांत बलवान असते. समजा, आपल्याकडे किमती दरवर्षी ५ टक्क्यांनी आणि अमेरिकेत २ टक्क्यांनी वाढतात. आज ६० रुपयांना असलेला डॉलर दहा वर्षांनी सुमारे ८० रुपयांना झाला, तरी दोन्ही देशांतील किमतींच्या तुलनेत रुपयाची खरी स्थिती होती तशीच राहील. या काळात आकडा ६० वरच धरून ठेवला, तर आपला निर्यातदार दरवर्षी थोडा थोडा मागे पडत जाईल. घसरणीचा काही भाग दौर्बल्याचा नसून हिशेबाचा असतो, तो या अर्थाने. शिवाय नुसत्या आकड्यावरून चलनाची प्रतवारी लावणेही चुकीचे. १९४९ ते १९७१ या काळात एका डॉलरला ३६० येन मोजावे लागत. याच काळात जपान औद्योगिक महासत्ता झाला.

या सर्वांवर लक्ष ठेवून असते ती रिझर्व्ह बँक. विशिष्ट आकडा राखणे हे आपले उद्दिष्ट नसून अवाजवी चढउतार रोखणे हे उद्दिष्ट आहे, अशी तिची जाहीर भूमिका राहिली आहे. डॉलरचा पूर येतो तेव्हा ती ते विकत घेऊन गंगाजळीत भर घालते, टंचाईच्या वेळी त्यातून विकते. मात्र गंगाजळीने लाट अडवता येते, ओहोटीची दिशा बदलता येत नाही.

जोखीम कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७५ पासून अनिवासी भारतीयांसाठी परकीय चलनातील ठेवींची एक योजना होती, तिचे प्रचलित नाव एफसीएनआर (ए). ठेवीदार डॉलर देई आणि मुदतीनंतर डॉलरच परत घेई. मधल्या काळात रुपया घसरल्यास होणारा तोटा बँकेने वा ठेवीदाराने सोसावयाचा नव्हता. ती हमी रिझर्व्ह बँकेची होती. १९९१ च्या सुमारास रुपया कोसळला तेव्हा हे ओझे फार मोठे झाले. मे १९९३ मध्ये एफसीएनआर (बी) ही नवी योजना आली आणि ऑगस्ट १९९४ मध्ये जुनी बंद झाली. नव्या योजनेत विनिमयाची जोखीम सांभाळणे बँकेचे काम झाले. एनआरई खाते रुपयांत असते, म्हणून तेथे ती जोखीम ठेवीदाराची असते. दोन खात्यांतील हा फरक व्याजदरांच्या फरकाहून महत्त्वाचा आहे.

दर सरकार ठरवत होते तोवर त्याचा धोका सरकारी तिजोरीत, पर्यायाने सर्वांच्या करांत, लपलेला असे. बाजारावर दर सोपवल्यानंतर तो ज्याच्या त्याच्या व्यवहारात उघडा पडला. मुलीला उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वर्षाचा खर्च ३०,००० डॉलर. डॉलर ८० रुपये असताना त्याचे २४ लाख होतात. ८५ झाल्यावर साडेपंचवीस लाख. दीड लाखाचा हा फरक कोणी भरून देणार नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाची रक्कम ठरवतानाच पुढील वर्षांतील दरवाढीसाठी वाव ठेवावा. जमेल तसे टप्प्याटप्प्याने डॉलर घेतल्यास खरेदीचा दर सरासरीच्या जवळ राहतो.

निर्यातदार आणि आयातदार यांच्यासाठी वायदा करार हे जुने व खात्रीचे साधन आहे. तीन वा सहा महिन्यांनंतरचा दर बँकेशी आजच निश्चित करता येतो. वायद्याचा डॉलर आजच्या डॉलरहून सामान्यतः थोडा महाग असतो. तो भविष्यकाळाचा अंदाज मानू नये. दोन देशांतील व्याजदरांचे अंतर त्यात उतरलेले असते. आयातदाराला पुढे डॉलर स्वस्त झाल्याचे पाहून हळहळ वाटू शकते. विम्याचा हप्ता भरूनही घराला आग लागली नाही, याची हळहळ जशी कोणी करत नाही, तशीच येथेही करू नये.

शेवटी दरफलकाविषयी. वर्तमानपत्रात दिसणारा दर हा बँकांमधील मोठ्या व्यवहारांचा असतो. शाखेत मात्र टी. टी. खरेदी, टी. टी. विक्री, बिलांचे दर आणि चलनी नोटांचे दर असे निरनिराळे रकाने दिसतात. यातील खरेदी-विक्री हे शब्द बँकेच्या बाजूने वाचावेत : परदेशातून आलेली रक्कम बँक आपणाकडून खरेदी करते, परदेशी पाठवावयाची रक्कम आपणास विक्री करते. नोटांची ने-आण, विमा आणि साठवण यांचा खर्च असल्याने नोटांच्या दरातील अंतर सर्वांत अधिक असते. व्यवहारापूर्वी आपल्याला नेमका कोणता रकाना लागू आहे, हे विचारून घेणे हा ग्राहकाचा अधिकार आहे आणि ते समजावून सांगणे हे काउंटरवरील सहकाऱ्याचे काम आहे.

चांदीच्या खाणी, लंडनचा कायदा, दिल्लीचा निर्णय आणि आता जगभरची बाजारपेठ : रुपयाचा भाव ठरवणारे हात असे बदलत गेले. तो उद्या किती असेल हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. परंतु आपल्या घरच्या वा धंद्याच्या हिशेबात परकीय चलनाची रक्कम किती, ती कधी द्यावयाची वा यावयाची आहे आणि दर पाच रुपयांनी हलला तर आपल्याला किती फरक पडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असू शकतात. ती कागदावर मांडून मगच शाखेत यावे.